सोळापैकी सोळा

बेबीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या हॉलवर होते. फोन पर्समध्ये, आवाज बंद. बाहेर येऊन पाहिलं तर एकाच नंबरचे पाच मिसकॉल. नंबर वच्छलाचा, म्हणजे बेबीताईंच्या धाकट्या बहिणीचा. उलट फोन लावायच्या आधी मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून घेतलं. काय ऐकायचं आहे ते ठाऊक होतं आणि ते उभ्यानं ऐकायची माझी तयारी नव्हती. "मॅडम, बाई गेली आमची," वच्छला म्हणाली. "सकाळीच. तुमाले लय फोन लावले." तीही रडली नाही, मीही नाही. मग तिनं विचारलं, "तुमी येता का? की पेपर आहे तुमचा?" त्या बिचारीनं साधेपणानंच विचारलं होतं. पण बेबीताईंच्या बाबतीत माझ्या कामाची सोय कुणी आधी विचारावी, हे मला आता सहन होत नाही. याचं कारण आहे, आणि ते शेवटपर्यंत दडवून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून आत्ताच सांगते. गेल्या डिसेंबरात बेबीताईंनी दवाखान्यात जायला माझ्याकडे दोन दिवसांची सुट्टी मागितली होती आणि मी त्यांना म्हणाले होते, संक्रांत होऊ द्या.

मी दारव्ह्याला एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. बेबीताईंचं पूर्ण नाव बेबीनंदा, गाव आर्णीपासून जीपनं अर्ध्या तासावर. आमची ओळख एकोणीस वर्षांची. तेव्हा मी नव्या उत्साहात एक लहानसा सर्वेक्षण प्रकल्प घेतला होता आणि गावोगाव फॉर्म भरायला पदवीधर मुलं-मुली नेमली होती. तिसऱ्या दिवशी त्यातली निम्मी उन्हाला कंटाळून घरी गेली. बेबीताई आल्या त्या फॉर्म भरायला नव्हे, गावातली घरं दाखवायला. बारावी शिकलेल्या, ब्लाउज शिवून घर चालवणाऱ्या. नवऱ्यानं पुसदला दुसरं घर केलेलं, पदरात सात वर्षांचा मुलगा. सकाळभर त्या माझ्या मागे हिंडल्या, काही बोलल्या नाहीत. दुपारी एका ओट्यावर टेकलो तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, राग नका मानू. लोकं तुमच्यासंग बोलूनच नाही राह्यले. ते तुमच्या फाइलीसंग बोलून राह्यले. ते फाइल खाली ठेवा अन मंग विचारा." मी फाइल खाली ठेवली. संध्याकाळपर्यंत फॉर्म त्यांच्या हातात गेले होते आणि मी त्यांच्या मागे हिंडत होते. पुढली एकोणीस वर्षं थोड्याफार फरकानं असंच चाललं.

आमच्या कामाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणसाचं वजन तागडीत मोजता येतं, पण त्याचा भरवसा, त्याची भीती, घरात त्याच्या शब्दाला असलेली किंमत, हे कसं मोजणार? मग आम्ही लोक काय करतो, त्या गोष्टीच्या आसपासचे पाच-दहा साधे प्रश्न विचारतो, प्रत्येक उत्तराला गुण देतो आणि सगळ्याची बेरीज करतो. एका प्रश्नावर माणूस खोटं बोलेल, दुसरा त्याला कळणार नाही, पण सगळे मिळून काहीतरी खरं सांगतील, ही त्यामागची आशा. आम्ही त्याला मोजपट्टी म्हणतो. ऐकायला सोपं वाटतं, पण यात कुठं काय चुकेल याचा नेम नसतो आणि मी मुळातच धास्तावलेली बाई. आकडे जुळले नाहीत की मला जेवण जात नाही. जुळले की आणखी धास्ती, इतके कसे जुळले म्हणून.

पुस्तकात उत्तरांच्या पाच पायऱ्या असतात. पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. आमच्याकडच्या बाया या पायऱ्यांवर चढतच नसत. "तुमी म्हणता तं तसंच असंन," म्हणून मोकळ्या. सगळे फॉर्म 'सहमत'नं भरलेले. मी रडकुंडीला आले होते. बेबीताईंनी एका दुपारी सगळं बदललं. त्या बाईसमोर बसून विचारायच्या, "सांग माय, हावच, हाव, पता नाही, नाही, का नाहीच नाही?" बाई आधी हसायची, मग विचार करायची आणि मग ठासून सांगायची, "नाहीच नाही!" पाच पायऱ्या, तंतोतंत पुस्तकातल्या, फक्त आपल्या बोलीत. मी पुढं ते एका परिसंवादात मांडलं तेव्हा टाळ्या पडल्या. आभाराच्या ओळीत मी 'स्थानिक सहकारी' असं लिहिलं होतं. घरी येऊन बेबीताईंना निबंध दाखवला तर त्यांनी शेवटचं पान वाचून विचारलं, "हे स्थानिक सहकारी कोन होय?" मी म्हटलं, तुम्हीच. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. नंतरच्या प्रत्येक निबंधात मी त्यांचं नाव लिहिलं, पण त्या पहिल्या वेळची लाज अजून जात नाही.

सासू शेजारी बसली की सून खरं बोलत नाही, हे कोणत्याही प्रगणकाला माहीत असतं. पुस्तकं सांगतात, मुलाखत एकांतात घ्यावी. चार खणांच्या घरात एकांत कुठून आणायचा, ते पुस्तक सांगत नाही. बेबीताई सासूला म्हणायच्या, "माजी, तुमच्या घरची तुरीची डाळ लय चांगली असते म्हन्ते सारं गाव. दाखवा बरं जराशी." म्हातारी खुशीत आत जायची, डबे धुंडाळायची, आणि तेवढ्या वेळात इकडं चार प्रश्न उरकलेले असायचे. जीपमध्ये बसताना बेबीताईंच्या पिशवीत नेहमी दोन-तीन पुड्या डाळ असायची. आम्ही त्यांना चिडवायचो, की ताईंचं संशोधन वरणात पडलं. "पडू द्या," त्या म्हणायच्या, "खरं तं बोलल्या ना बाया."

ज्या मोजपट्टीपायी हे सगळं लिहिते आहे, तिला आम्ही आपसात 'बाईचा शब्द' म्हणायचो. घरात बाईचा शब्द किती चालतो, ते तिनं मोजायचं. आधी तीसेक प्रश्न होते. त्यातला एक होता, रोजची भाजी कोणती करायची ते कोण ठरवतं. बेबीताईंनी पहिल्याच दिवशी तो काढा म्हणून सांगितलं. "साऱ्याजनी 'मीच' म्हनतीन. जे उत्तर साऱ्याईचं सारखं, ते विचारून आपले पाय कायले तोडाचे?" मी ऐकलं नाही. चाचणी फेरी झाली, आकडे कॉम्प्युटरवर घातले, आणि त्यानंही तेच सांगितलं, की या प्रश्नानं बायाबायांतला फरक कळत नाही, काढून टाका. असे एकेक गळत शेवटी आठ प्रश्न उरले. माहेरी जायचं कोण ठरवतं, मुलांच्या शाळेचं कोण, मोठी खरेदी, बाजाराला एकटी जाणं, आजारपणात दवाखान्यात जायचं कोण ठरवतं... असे. 'मी स्वतः' म्हटलं तर दोन गुण, 'मिळून ठरवतो'ला एक, दुसरंच कुणी ठरवत असेल तर शून्य. एकूण सोळा.

बाजाराच्या प्रश्नावर मात्र बेबीताई अडून बसल्या. "एकटी बाजारात जाते म्हनजे तिचा शब्द चालते असं कसं म्हनता मॅडम? मांगं कोनी नाही म्हनून एकटी जाते. माझ्यासारखी." मी त्यांना कॉम्प्युटरवरचा तक्ता दाखवला. बाजाराला एकट्या जाणाऱ्या बायाच दवाखान्याचंही स्वतः ठरवतात, खरेदीचंही स्वतः ठरवतात. आठही प्रश्न एकमेकांशी छान जुळत होते. मी म्हणाले, "बघा ताई, इतके जुळतात म्हणजे हे सगळे मिळून एकच गोष्ट मोजतात." त्यांनी तक्त्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "एकच मोजते, हे बराबर आहे. पन कोनती?"

मी हसले. खरंच हसले. पुढं कितीतरी वर्षं मी हा किस्सा वर्गात सांगत आले, मुलांना गंमत वाटावी म्हणून. मोजपट्टी दरवेळी तेच उत्तर देते यानं समाधान मानू नका, आपल्याला मोजायची होती तीच गोष्ट ती मोजते का ते पाहा, असं मी मुलांना बजावायचे आणि त्यासाठी बेबीताईंचं वाक्य वापरायचे. मुलं ते उत्तरपत्रिकेतही लिहायची. मी त्यांना गुण द्यायचे. स्वतः मात्र त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसले नाही.

शेवटच्या चाचणीच्या दिवशी प्रशिक्षण म्हणून फॉर्म भरणाऱ्या मुलींसकट आम्ही सगळ्याजणींनी एकमेकींचे फॉर्म भरले. बेबीताईंचा मी भरला. माझ्याच खोलीत, चहा उकळेपर्यंत. प्रत्येक प्रश्नावर त्या म्हणायच्या, "मीच." आठ वेळा. बेरीज सोळा. सोळापैकी सोळा तोवर कुणालाच मिळाले नव्हते, मलाही नाही. माझे दहा आले होते, नवऱ्याच्या कृपेनं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. बेबीताई पदरानं तोंड झाकून हसत म्हणाल्या, "बापा! जिंदगीत पयल्यांदा पैकीच्या पैकी भेटले. शाळेत असे भेटले असते तं मास्तरीन झाली असती मी." आम्ही त्यांच्या नावानं चिवडा मागवला. त्या दिवशी त्या फार आनंदात होत्या.

ही मोजपट्टी पुढं एका संस्थेनं उचलली. त्यांचा आरोग्याचा कार्यक्रम होता. घरोघरी जाऊन बायांची विचारपूस करायची, गरज असेल तिला सोबत करून दवाखान्यात न्यायचं. सगळ्याच घरी जाणं शक्य नव्हतं, म्हणून कुणाच्या दारी आधी जायचं ते आमच्या गुणांवर ठरणार होतं. कमी गुणांच्या बाया आधी. तेरा किंवा जास्त गुण असलेल्या बायांकडे जायचंच नाही, कारण त्या आपलं आपण बघू शकतात. हा तेराचा आकडा मीच दिला होता. गेल्या हिवाळ्यात आर्णी, दारव्हा, पुसद अशी फॉर्म भरण्याची मोठी फेरी निघाली. आर्णीची सगळी जबाबदारी बेबीताईंवर. कापूस वेचणीचे दिवस, बाया सकाळी सातलाच वावरात. बेबीताई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून, वेचणाऱ्या बाईबरोबर ओळीओळीनं सरकत फॉर्म भरायच्या.

डिसेंबरातली ती दुपार. आर्णीच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही दोघी पोहे खात होतो, टेबलावर फॉर्मचा गठ्ठा. बेबीताई म्हणाल्या, "मॅडम, दोन दिवस भेटतीन का? यवतमाळले जाऊन येतो म्हनलं." मी विचारलं, काय झालं. "काही नाही वं. काखेत गाठ लागून राह्यली हाताले. दाखवून घेतो." मी ते ऐकलं नाही असं नाही. नीट ऐकलं. "दुखते का?" असंही विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या. आणि मी म्हणाले, "मग संक्रांत होऊ द्या ताई. तुम्ही गेलात की या पोरी घोळ घालतील, सगळी आर्णीची फेरी बसेल." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "हाव, तेही बराबर आहे," म्हणाल्या आणि पोहे संपवले. मला हायसं वाटलं, फेरीचं वेळापत्रक वाचलं म्हणून. गाठ दुखत नसली तरी दाखवायला उशीर करू नये, हे आता मला फार नीट माहीत झालं आहे.

संक्रांत झाली. फेरी लांबली. बेबीताईंनी पुन्हा विषय काढला नाही आणि मीही नाही... मला आठवण नव्हती असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. एकदा आठवण आली होती, दारव्ह्याला आठवडी बाजारात वांगी घेताना. फोन करू म्हटलं आणि मग फेरीचा कसलातरी फोन आला. फेब्रुवारीत त्या आपण होऊन यवतमाळला गेल्या, तिथून त्यांना नागपूरला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. किती आधी? मी ओळखीच्या एका डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, दोन महिन्यांनी फरक पडला असता का? ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित वर्षभर आधीच उशीर झालेला असेल. जन्मभर लोकांच्या मनाला आकडे लावत आलेली मी, मला हा एक आकडा हवा होता आणि तो कुणाकडेच नाही.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. पुढच्या खोलीत खाटेवर पडलेल्या, शिलाई मशीनवर झाकण. अंगात काही उरलं नव्हतं, पण चौकशी आधी फेरीची. "झाली का पुरी? पोरीईनं शेवटचे फॉर्म देल्ले का?" मी मनाशी ठरवून गेले होते. म्हणाले, "ताई, डिसेंबरात तुम्ही सुट्टी मागितली होती, तेव्हा मी..." त्यांनी हात हलवून मला थांबवलं. "तुमी नका मनाले लावून घेऊ. कोनी अडवलं नव्हतं मले. माझं मीच ठरवलं." मी त्यांचा हात धरून बसून राहिले. त्यांनी मला मोकळं केलं आणि मी मोकळी झाले. परतताना जीपमध्ये खिडकीशी बसून मी चक्क झोपले, कितीतरी दिवसांनी. एवढी मी सुखावले होते.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. अंगणात मांडव, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मेणबत्त्या, बुद्धवंदना. पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा एका कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. वच्छला मला हाताला धरून नातेवाइकांकडे घेऊन गेली. "ह्या मॅडम," ती कौतुकानं सांगत होती. "बाई कोनाचंच ऐके नाही. म्या दिवाळीपासून म्हनलं, चाल दवाखान्यात, मी येतो संग. पोरगा फोनवर कावला. नाही म्हने. मॅडमले विचारतो म्हने, मॅडमचं काम चालू आहे. तिच्यासाठी मॅडमचा शब्द म्हनजे शब्द." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी एकडाव म्हनलं असतं ना मॅडम, तं लगेच गेली असती. तुमचंच ऐके ते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला काही ठाऊकच नव्हतं. बेबीताईंनी तिला सांगितलंच नव्हतं, की त्यांनी मला विचारलं होतं आणि मी काय म्हणाले. मीही तिला सांगितलं नाही. जेवायला वाढलं, जेवले, आणि पाच वाजताच्या जीपनं परत आले. हेही लिहून ठेवते, कारण वच्छला हे वाचेल. वच्छला, त्यांनी मला विचारलं होतं. मी नको म्हणाले होते.

त्यानंतर मला एकच ध्यास लागला. कॉलेजातल्या कपाटातून सगळे जुने फॉर्म काढले आणि सोळापैकी सोळा मिळालेले बाजूला केले. फार नव्हते, पण एक गठ्ठा निघाला. आमच्या फॉर्मच्या शेवटी शेऱ्याची एक ओळ असते. ती कॉम्प्युटरवर जात नाही, कारण तिला गुण नाहीत. मी मुलींना कितीदा सांगितलं असेल, शेऱ्यात वेळ घालवू नका. बेबीताईंनी ती ओळ एकदाही कोरी सोडली नव्हती. तिरक्या, गच्च अक्षरात एकेक शेरा. 'नवरा सुरतेला. चार वर्षं झाली, पत्ता नाही.' 'मूलबाळ नाही. विचारणारं कोणी नाही.' 'सगळं हिच्यावरच. फार थकली.' 'दवाखान्याचं हीच ठरवते. जात मात्र नाही.' भर दुपारी पंख्याखाली बसून मी ते एकेक वाचत गेले. ज्यांना आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले, त्यातल्या कितीतरी जणींना दुसरं कुणी नव्हतं. 'मीच' म्हणण्यावाचून त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आणि या बायांच्या दारी जायचं नाही, असं मीच सांगून ठेवलेलं.

पुढल्या महिन्यापासून ही मोजपट्टी जिल्ह्यातल्या बाकीच्या तालुक्यांत जाणार आहे. त्यासाठी सोमवारी यवतमाळला बैठक आहे आणि मोजपट्टी तयार करणारी म्हणून मला बोलायचं आहे. विभागातले एक जुने सहकारी म्हणाले, "आता कशाला? एका बाईच्या उदाहरणानं मोजपट्टी खोटी ठरत नाही." पुस्तकाप्रमाणे त्यांचं बरोबर आहे. मला हेही कळतं, की मी बोलले तर कार्यक्रम लांबेल आणि कमी गुणांच्या ज्या बायांकडे माणसं जाणार होती, तिकडेही ती उशिरा जातील. माझ्यामुळे आणखी कुणाला 'संक्रांत होऊ द्या' ऐकावं लागेल का? आणि गप्प बसले तर? पहाटे जाग येते तेव्हा मनात याच दोन बाजू आलटून पालटून येतात. नवरा म्हणतो, तुझा जीव जाईल अशानं. मी म्हणते, माझ्याकडे बघायला तू आहेस.

काल दुपारी त्या गठ्ठ्यात तळाशी बेबीताईंचा स्वतःचा फॉर्म सापडला. चिवड्याच्या दिवसाचा. अक्षर माझं. शेऱ्याची ओळ मी कोरीच सोडलेली. पाचवा प्रश्न, आजारपणात दवाखान्यात जायचं कोण ठरवतं, त्यापुढं 'मी स्वतः'वर मी ऐटीत गोल केलेला. त्याच्या खाली एक पर्याय असतो, 'इतर कोणी. नाव व नातं लिहा.' बेबीताई नव्या मुलींना सगळ्यात आधी हेच शिकवायच्या, की भरलेला फॉर्म गिरवायचा नाही, पांढरा रंग लावून झाकायचा नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, चूक वाचता आली पाहिजे, आणि बाजूला खरं ते लिहून सही करायची. मी गोलावर आडवी रेघ मारली. दोनच्या जागी शून्य लिहिलं. 'इतर'च्या पुढं माझं नाव घातलं. नात्यापाशी अडले. मैत्रीण म्हणायची हिंमत झाली नाही. शेवटी 'मॅडम' लिहिलं आणि सही केली. मग हात थांबेना, म्हणून बेरीजही केली. सोळातून दोन गेले, चौदा. तेराच्या वरच. म्हणजे माझी चूक कबूल करून, ती फॉर्मवर लिहूनसुद्धा, माझ्या मोजपट्टीनं बेबीताईंच्या दारी कुणी गेलं नसतं. मग फॉर्म पिशवीत ठेवला. सोमवारी जाताना बाकीचे तक्ते नेणार नाही, एवढाच नेणार आहे. भीती वाटते आहे. तरी वाचून दाखवणार आहे, माझ्या नावासकट.